तुम्ही विचारलंत म्हणून : शंभर वॅटच्या दिव्याचा उजेड जातो कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गच्चीवर मी घरी बनवलेला प्रोजेक्टर लावतो, तेव्हा भिंतीवर चित्र उमटण्याआधीच एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, शंभर वॅटचा लाइट हाय म्हणता, मंग ट्यूबलाइट कायले बंद करता?" विचारणारे दरवर्षी बदलतात, प्रश्न बदलत नाही. पोरेसोरे चित्रासाठी खोळंबलेली असताना त्याचे नीट उत्तर देणे होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो आहे. माझ्या मते या यंत्राबद्दल विचारण्यासारखा सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे.

आधी पेटीत काय आहे ते सांगतो. ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉलेज केले, त्यांना ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवत असेल : पोटात हॅलोजनचा दिवा, वर काचेचा चौकोन, त्यावर ठेवायचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद आणि दांड्यावर बसवलेले भिंग. असाच एक मोडका प्रोजेक्टर मला इतवारीच्या एका भंगारवाल्याकडे वजनावर मिळाला. त्यातल्या पारदर्शक कागदाची जागा आता १०.१ इंची छोट्या लॅपटॉपच्या पडद्याने घेतली आहे. त्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलेला होता, पडदा मात्र शाबूत होता. त्याच्या मागची उजेडाची पट्टी आणि दुधी थर काढून टाकले की उरते ती धुरकट काचेसारखी दिसणारी पाटी, जिच्यातून प्रकाश आरपार जाऊ शकतो. हॅलोजनच्या जागी शंभर वॅटचा एलईडी आहे, त्याच्या पाठीला जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा आहे, आणि वीज लॅपटॉपच्याच ॲडाप्टरवर चालते. नवे विकत घेतले ते फक्त एलईडी, त्याला बेताची वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि पडद्याला चित्र पुरवणारे बोर्ड. हे बोर्ड घेताना पडद्याच्या पाठीवरचा नंबर जुळवून घ्यावा लागतो, एवढेच ध्यानात ठेवावे.

भिंगाचे नाभीय अंतर ३२ सेंटीमीटर आहे. चित्र सहापट मोठे, म्हणजे सुमारे ६० इंचांचे हवे असेल, तर भिंग पडद्यापासून ३७ सेंटीमीटरवर आणि भिंतीपासून सव्वादोन मीटरवर बसते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते.

आता उजेडाचा हिशेब. एलईडी शंभर वॅटचा असला तरी मी तो सत्तर वॅटवरच चालवतो, कारण पूर्ण ताकदीवर तो स्वतःच्याच उष्णतेने लवकर म्हातारा होतो. ल्युमेन हे उजेड मोजण्याचे माप; एका वॅटला शंभर ल्युमेन धरले तर सात हजार ल्युमेन निघतात. आपल्या ट्यूबलाइटच्या जवळजवळ तिप्पट. पण एलईडी हा टॉर्चसारखा एका दिशेने प्रकाश फेकत नाही. तो समोरच्या सगळ्या बाजूंना प्रकाश उधळतो. त्याच्यासमोर २२ सेंटीमीटरवर फ्रेनेल भिंग आहे. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी हे भिंग घडवले आणि १८२३ मध्ये ते फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहात प्रथम लागले. जाड भिंगाचा फक्त वक्र पृष्ठभाग वर्तुळाकार खाचांच्या रूपात पातळ पारदर्शक पाटीवर उतरवलेला असतो, त्यामुळे हातभर रुंदीचे भिंगही वहीच्या पुठ्ठ्याइतके पातळ राहते. या भिंगाच्या वाट्याला उधळलेल्या प्रकाशाचा साधारण चौथा हिस्साच येतो; बाकीचा पेटीच्या भिंतींवर आपटतो. शिवाय प्रकाशाचा ठसा गोल आणि पडदा आयताकृती. गोलातून आयत कापला की निम्म्याच्या थोडे वर हाती लागते. म्हणजे सात हजारांतले हजारेक ल्युमेन पडद्याच्या दारापर्यंत पोहोचले.

आणि खरी लूट पडद्यातच होते. एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांच्या, पडद्याच्या दोन्ही अंगांना पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी, फिल्म असते, आणि त्यातली पहिलीच फिल्म आलेल्या प्रकाशातला निम्म्याहून अधिक गिळते. पुढे प्रत्येक चित्रबिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन कप्पे. लाल कप्पा पांढऱ्या प्रकाशातला फक्त लाल भाग सोडतो, उरलेले दोन अडवतो. इतर दोन कप्प्यांचेही तसेच, त्यामुळे उरलेल्याचाही तिसरा हिस्सा राहतो. त्यात कप्प्यांमधल्या तारा आणि काळ्या चौकटी आणखी जागा अडवतात. सगळे जमेस धरले तर शंभर भाग आत गेले की पाच-सहा भाग बाहेर पडतात. लॅपटॉपमध्ये असताना याचे काही वाटत नाही, कारण तिथे डोळे पडद्यापासून हातभर अंतरावर असतात आणि चित्र मोठे करायचे नसते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून लक्समीटर आणून मी भिंतीवर धरला, तेव्हा कोऱ्या पांढऱ्या चित्रावर काटा चाळीस लक्सच्या (म्हणजे दर चौरस मीटरला चाळीस ल्युमेनच्या) जवळपास थांबला. साठ इंची चित्राचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मीटर भरते, म्हणजे भिंतीवर पोहोचलेला उजेड सुमारे चाळीस ल्युमेन. सात हजारांतले चाळीस! त्या रात्री मला फार वाईट वाटले होते, पण नंतर एकेक टप्प्याची वजाबाकी मांडली तेव्हा आकडा जवळपास जुळला, आणि कुठे हात घालायचा तेही कळले. एलईडीच्या अगदी तोंडाशी जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचे जाड कंडेन्सर भिंग बसवले. उधळून जाणारा प्रकाश त्याने आत वळवला आणि भिंतीवरचा आकडा पंचाहत्तरवर गेला.

दुकानातले चांगले प्रोजेक्टर येथेच पुढे जातात. काहींत पांढरा प्रकाश आधीच आरशांनी तीन रंगांत वाटून तीन छोट्या पडद्यांतून नेतात, त्यामुळे रंगीत कप्प्यांत काही वाया जात नाही. काहींत पडदाच नसतो. लाखो सूक्ष्म आरसे कलून प्रकाश भिंगाकडे किंवा बाजूला फेकतात. ती चिप लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली तयार केली. स्वस्तातल्या पुष्कळ प्रोजेक्टरांच्या पोटात मात्र माझ्यासारखीच एक-पडद्याची रचना असते, आणि खोक्यावर हजारोंचे आकडे छापलेले असतात. भिंतीवरच्या चित्रात नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढलेले ल्युमेन आणि दिव्यातून निघालेले ल्युमेन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. गिऱ्हाइकाला तो न सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गिळलेला प्रकाश नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते; आणि ही गोष्ट मला नागपूरच्या मे महिन्याने शिकवली. दिवसभर पंचेचाळीस अंशांत तापलेली गच्ची रात्री नऊ वाजतासुद्धा तळव्यांना चटके देत होती. चित्र सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली असतील. चित्राच्या मध्यभागी आधी पावलीएवढा तपकिरी डाग आला, मग तो काळा होत, कडा लाटेसारख्या हलवत, बशीएवढा पसरला. चेहऱ्यांच्या जागी काळे भोक आणि भोवती चित्र चालूच. मी वीज बंद केली आणि पडदा जळाला असे समजून तसाच बसून राहिलो. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, तर डागाचा मागमूस नव्हता. पडद्यातले द्रवस्फटिक एका तापमानापुढे साधे द्रव बनतात, प्रकाशाला वळण देण्याचा त्यांचा गुण जातो, आणि एकमेकांना काटकोनात बसवलेल्या दोन पोलरायझरांमधून काहीच बाहेर येत नाही. गार झाले की ते पुन्हा रांगेत लागतात.

चूक माझीच होती. हीटसिंकचा पंखा गरम हवा पेटीतच सोडत होता. हीटसिंक पेटीबाहेर काढला, पडद्यासाठी वेगळा पंखा लावला. पण खरा फायदा झाला तो मागची पोलरायझर फिल्म पडद्यावरून सोडवल्यामुळे. उष्णता त्या फिल्ममध्ये तयार होते आणि चिकटलेल्या काचेला जाते. ती फिल्म वेगळ्या काचेवर दोन बोटे लांब बसवली की मधून हवा खेळते. हे काम जिकिरीचे आहे. कोपरा नखाने उचलायचा, फिल्म जवळजवळ उलटी दुमडून, पडद्याच्या पृष्ठभागालगत, अगदी मुंगीच्या चालीने ओढायची. वर उचलून ओढली तर काच तडकते. माझा एक पडदा असाच गेला. सोडवण्यापूर्वी वरच्या कडेला मार्करने खूण करावी, कारण फिल्म फिरवून बसवली की चित्र फिके किंवा उलट्या रंगांचे दिसते. काचेवर उरलेला गोंद काढायला मला दोन दुपारी लागल्या.

कूलरसमोर पेटी ठेवण्याचा उपायही करून पाहिला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरची हवा खरोखर गार मिळते, पण ताट्यांतून उडालेला एक थेंब फ्रेनेलवर वाळला आणि पाण्यातल्या क्षाराचा ठिपका भिंतीवर लिंबाएवढा होऊन बसला. तेव्हापासून कूलर प्रेक्षकांसाठी.

आता ट्यूबलाइटकडे येतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळे म्हणून आपल्याला जे दिसते ती त्या क्षणी न उजळलेली भिंत असते. आमच्या गच्चीवरची ट्यूबलाइट त्या भिंतीवर साठ लक्स टाकते. म्हणजे चित्रातले काळे साठ आणि पांढरे एकशे पस्तीस, जेमतेम सव्वादोन पट. रात्रीचा प्रसंग असेल तर चेहरा आणि अंधार यांत भेदच उरत नाही. प्रोजेक्टर दुप्पट तेजाचा केला तरी हे काळे साठच राहणार, ट्यूबलाइट बंद केली की मात्र ते एका बटणासरशी उतरते.

तरीही गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा भिंतीवर चारेक लक्स टाकतोच, आणि तेवढ्यानेही काळे राखाडी होते. त्या बाजूच्या कठड्यावर आम्ही दोन काठ्यांना बांधून जुनी ताडपत्री उभी करतो. ती बांधून झाली की मी खाली हाक मारतो, कोणीतरी ट्यूबलाइटचे बटण दाबते, आणि मगच चित्र लावतो.