माउडनचा किल्ला आणि माझ्या बसभाड्याची वसुली

बाबा पुण्याहून आले की पहिला प्रश्न ठरलेला, "जवळपास किल्ला आहे का?" आम्ही नेदरलँड्समध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टलव्हीनला राहतो, म्हणून त्यांना जवळच्या माउडन गावी नेलं. किल्ला झकास आहे. पण लिहायला बसलोय ते बसच्या पैशांपायी, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

इथे बसमध्ये चढताना बँकेचं कार्ड यंत्राला लावायचं आणि उतरतानाही लावायचं. एका कार्डावर दोन माणसं चालत नाहीत. म्हणून कार्ड बाबांना दिलं आणि मी यंत्राला फोन टेकवला, त्यातही तेच कार्ड जोडलेलं आहे. उतरताना बाबांनी कार्ड नीट लावलं. माझा फोन खिशात अडकला, मागे माणसं खोळंबलेली, मी मनगट पुढे केलं. घड्याळातही तेच कार्ड आहे ना! टिंग वाजलं, हिरवा दिवा लागला, मी खुशाल उतरलो. पडद्यावरची ओळ वाचली असती तर कळलं असतं की यंत्राने मला नुकताच चढलेला नवा प्रवासी धरलंय. फोन एक प्रवासी, घड्याळ दुसरा. खातं एकच असलं म्हणून काय झालं? दोघांनीही 'उतरताना लावलं नाही' म्हणून दोन वेळा जास्तीचे पैसे कापले गेले.

परताव्याचा ऑनलाइन फॉर्म आहे. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक मागतात. प्लॅस्टिकच्या कार्डावरचे टाकले. 'असा प्रवास सापडला नाही.' तारीख तपासली, थांबा तपासला, पुन्हा तेच. मदतकेंद्राला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, फॉर्म भरा. सोफ्यावरून बाबा म्हणाले, "अरे, एवढ्या पैशांत इथे दोन कॉफ्या येतील, सोड की."
"पैशांचा प्रश्न नाहीये, बाबा."
"मग कशाचा आहे?"

रात्री चिडून फोनमध्ये त्या कार्डाचा तपशील उघडला, तर तिथे चार अंक वेगळेच! फोनला कार्ड जोडलं की त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो आणि घड्याळाला आणखी तिसरा. फॉर्मला हवे होते ते हे. टाकले आणि दोन्ही प्रवास टपकन समोर आले. आठवड्याने पैसे जमा झाले. तो मेसेज मी बाबांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला.

तर किल्ला. बसथांब्यापासून वीसेक मिनिटं चालायचं, गावातलं जलद्वार ओलांडायचं. लाल विटा, कोपऱ्यांवर गोल बुरूज, भोवती खंदक. चढण शून्य. "हा किल्ला नव्हे, पाण्यातला वाडा," असा निकाल बाबांनी दारातच दिला. १२८५ च्या सुमारास हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने तो फेख्त नदीच्या मुखाशी बांधला, युट्रेख्तकडे जाणाऱ्या गलबतांकडून कर घ्यायला. "म्हणजे जकात नाका!" बाबा एकदम खूश. १२९६ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला पकडून याच किल्ल्यात कोंडलं, आणि गावकरी सोडवायला आले तेव्हा मारून टाकलं. हे ऐकल्यावर वाड्याला किल्ल्याची बढती मिळाली. तो मूळ किल्ला मात्र लवकरच पाडला गेला. आजचा चौदाव्या शतकात त्याच जागी पुन्हा उभा राहिलेला. १६०९ पासून पुढे कवी आणि इतिहासकार हूफ्त इथे अधिकारी होता, त्याच्या खोल्यांत बाबा फार रमले नाहीत. तटावरून मात्र अर्धा तास पाण्याकडे बघत होते. १९३२ साली समुद्र अडवणारा मोठा बांध पूर्ण झाला, तोवर हा समुद्र होता. आता गोडं पाणी.

संग्रहालयांचं वार्षिक कार्ड असेल तर इथे चालतं, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि उन्हाळ्यात अ‍ॅम्स्टरडॅमच्या आयबर्ग भागातून बोटीने थेट किल्ल्यापाशी उतरता येतं. पुढच्या वेळी मी बोटीनेच जाणार, घड्याळ घरी ठेवून.