एका खोलीत गोधडी

गोधडीचं काम अर्ध्यात सुटतं ते बहुतेक वेळा मांडामांडीला कंटाळून. पसारा काढायला वीस मिनिटं, आवरायला वीस मिनिटं, आणि हातात मोकळा वेळ तासाभराचा. दोन-तीनदा असं झालं की कापड माळ्यावर जातं ते तिथेच राहतं. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे जेवण, झोप आणि मुलांचा अभ्यास सगळं एकाच फरशीवर चालतं, तिथे म्हणून एकच हिशेब धरायचा: काम पाच मिनिटांत मांडून झालं पाहिजे आणि ताटं घ्यायच्या आत उचललं गेलं पाहिजे.

आधी मापं ठरवा, कारण किती कापड घरात ठेवायचं ते मापावरून कळतं. एका माणसाची गोधडी 150 × 210 सेंमी धरू. शिवून झाल्यावर 10 सेंमीचा चौकोन हवा, तर कापताना तो 11.5 सेंमीचा घ्यायचा, म्हणजे चारही बाजूंना पाऊण सेंमी शिवणीत जातो. रुंदीत 15 आणि लांबीत 21, असे 315 तुकडे. सुती कापडाचे हे सगळे तुकडे वजनाला जेमतेम अर्धा किलो भरतात. घरात पाच किलोचं चिंध्यांचं बोचकं असेल तर ते दहा गोधड्यांच्या दर्शनी बाजूचं सामान आहे. एका वेळी एकीचं घरात ठेवा, उरलेलं बोहारणीला द्या आणि एखादं पातेलं पदरात पाडून घ्या.

तुकडे एकाच पेटीत कोंबू नयेत. हवा तो रंग शोधताना सगळी पेटी उपसावी लागते. उशीचे जुने सुती अभ्रे घ्या. एक गडद रंगांचा, एक फिक्यांचा, एक छापील. प्लास्टिकच्या पिशवीत किंचित ओल राहिली तरी पावसाळ्यात कुबट वास आणि काळे ठिपके ठरलेले. अभ्र्यातून हवा खेळते, आणि ते दिवाणाच्या पेटीत चपटे बसतात.

कसर लागण्याचं मुख्य कारण खळ. खळ म्हणजे पिष्ट आणि तेच तिचं खाणं. जुनी सुती साडी खळ पूर्ण निघेपर्यंत धुवून, कडक उन्हात वाळवून मगच आत टाका. डांबरगोळ्या टाकायच्या तर विचार करून. बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेल्या कापडात तर त्या नकोतच. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि अशी कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

जुनी साडी घेताना ती खिडकीसमोर उजेडात धरा. निऱ्यांच्या जागी आणि खालच्या काठाजवळ कापड आधी विरतं. जिथून उजेड विरळ जाळीसारखा दिसतो तो भाग बाजूला काढा, नाहीतर दोन धुण्यांत नेमका तोच चौकोन फाटतो. लाल, काळा, गडद निळा असे रंग वेगळे तपासा. तुकडा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून पांढऱ्या कापडावर दाबायचा. डाग उमटला तर तो रंग पांढऱ्याशेजारी बसवायचा नाही. नवं कापड असेल तर कापण्याआधी धुवाच. ते पहिल्या धुण्यात आटतं, शेजारचं जुनं आटत नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात त्या कायमच्या.

कापण्यासाठी पुठ्ठ्याचा साचा सगळेच करतात, पण पन्नासेक तुकड्यांनंतर त्याची कड झिजते आणि चौकोन नकळत लहान होत जातो. जाड प्लास्टिकच्या जुन्या फायलीचा साचा बरा. कात्रीने एका वेळी चार थरांपेक्षा जास्त कापू नका; खालचा थर सरकतो.

आता जोडणं. एका खोलीत 315 तुकडे फरशीवर मांडून नक्षी जमवणं विसरा. पंखा लावला की संपलं. त्याऐवजी तीन-तीनचे ठोकळे करा: नऊ तुकड्यांचा एक ठोकळा, कडेची शिवण धरून 31.5 सेंमीचा. असे 35 ठोकळे, पाच आडवे आणि सात उभे, की गोधडीची वरची बाजू तयार. नऊ तुकड्यांची जुळवाजुळव स्टुलावर होते. झालेले ठोकळे 35 सेंमीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून नाडीने बांधा. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत ते उभे राहतात. सलग वेळ मिळण्याची वाट बघायला नको. एका बैठकीला एक ठोकळा झाला तरी काम पुढे सरकतं.

ठोकळे एकमेकांशी जुळत नाहीत ही हमखास तक्रार. दोष बहुतेक वेळा शिवणीचा. शिवण एक मिलीमीटर जास्त गेली तर प्रत्येक जोडाला दोन मिलीमीटर कमी होतात. रुंदीतल्या 14 जोडांना मिळून 28. उपाय स्वस्त आहे. सुईपासून साडेसात मिलीमीटरवर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून चालवा. मशीनचा पाय तेवढाच रुंद असेल असं गृहीत धरू नका. तपासायचं तर 11.5 सेंमीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर 10 सेंमी भरली पाहिजे.

जुनं पायमशीन घरात असेल तर जागा अडवतं म्हणून मोडीत काढू नका. डोकं आत पाडलं की तेच टेबल होतं, त्याच्यावर अभ्यासही होतो. सुटं विजेचं मशीन असेल तर खाली दुमडलेली जुनी योगा मॅट घाला, खालच्या मजल्याशी संबंध बरे राहतात. सुती तुकड्यांना 14 नंबरची सुई, थर शिवताना 16. आणि मशीनला खोबरेल तेल कधीही घालू नका. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणून थंडीच्या सकाळी मशीन जड चालायला लागतं. शिवाय जुनं तेल चिकट होऊन धूळ धरतं. मशीनचं पातळ पांढरं तेल दोन-दोन थेंब, मग पाच मिनिटं चिंधीवर रिकामी शिलाई. नाहीतर पहिला डाग नेमका पांढऱ्या तुकड्यावर.

इस्त्रीसाठी 40 × 60 सेंमीचा प्लायवूडचा तुकडा, त्यावर लोकरी कांबळ्याचा एक थर आणि सुती खोळ. दाराआड मावतो. इस्त्री दाबायची, ओढायची नाही. ओढली की चौकोन तिरपे होतात. टाचण्या मोजून काढा आणि मोजून ठेवा. रांगतं मूल असलेल्या घरात ही मोजणी सोडून चालत नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काठीला बांधलं तर दिवाणाखाली गेलेलीही परत येते.

थर घालणं हे छोट्या घरातलं खरं अवघड काम. अस्तराला एक साडी पुरते: 155 सेंमीचे दोन तुकडे काढून काठाशी जोडले की सव्वादोन मीटर लांबी मिळते. आतले दोन थरही तसेच. फरशीवर सगळं एकदम पसरायला जागा नसेल तर पडद्याचे दोन रॉड घ्या. एकावर अस्तर आणि आतले थर सैलसर गुंडाळा, दुसऱ्यावर ठोकळ्यांची बाजू. दिवाणाच्या लांबीवर 30 सेंमी उलगडा, हाताने सुरकुत्या बाहेर सारा, आठ-दहा सेंमी अंतराने कच्चे टाके घाला, झालेला भाग पलीकडे सोडा आणि पुढचं उलगडा. कडेला थर मागेपुढे होतील. म्हणूनच अस्तर दर्शनी बाजूपेक्षा मोठं ठेवलं आहे. कापाकापी शेवटी.

मशीन, ठोकळे, रॉड यांतलं काहीच नको असेल तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी शिकून घ्यावी. अस्तर मांडीवर घ्यायचं, एका कडेपासून सुरुवात करायची, आणि तुकड्याची कड आत दुमडत धावदोऱ्याने थेट थरांवर टाचत गोलगोल मध्याकडे जायचं. जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं, मापाचा काच नाही, आणि पसारा म्हणजे शेजारी एक टोपली. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडीच राहते असं तिथे मानतात.

कामाची वाटणी ऋतूंवर सोडली तर जागेची ओढाताण आणखी कमी होते. धुणं आणि कापणं एप्रिल-मेमध्ये, कडक ऊन असताना. पावसाळ्यात फक्त ठोकळे. ऑक्टोबरच्या उन्हात अभ्रे एकदा रिकामे करून सगळं तापवून घ्यायचं. हातटाके दिवाळीनंतर, कारण तेव्हा चार थरांचं कापड मांडीवर घेऊन बसायला बरं वाटतं. मे महिन्यात ते घेऊन बसून बघा!