मोजणी आत, शून्य बाहेर

तीन आठवडे बॅकअपचा मेल आला नाही आणि मी खूश होतो. बॅश स्क्रिप्ट तशीच लिहिली होती: लूपमध्ये प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून बघायचा, जुळला नाही तर 'चुका' नावाच्या व्हेरिएबलमध्ये एकाची भर घालायची आणि शेवटी चुका शून्याहून जास्त असतील तरच मेल पाठवायचा. मेल नाही म्हणजे सगळं आलबेल. मग एक जुनी फाइल परत काढायची वेळ आली, ती अर्धवटच निघाली.

लूपच्या आत चुका छापणारा एको टाकला. १, २, ३ करत थेट ७. लूप संपवणाऱ्या डनच्या पुढच्याच ओळीवर तोच एको: ०.

नावात स्पेलिंगची गडबड असेल म्हटलं, तीही नाही. तोच लूप उचलून टर्मिनलमध्ये चिकटवला तर उत्तर बरोब्बर ७! टर्मिनलमध्ये माझ्याकडे झेडशेल आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश (कमांड चालवणारे दोन वेगळे शेल), हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

भानगड लूपची नव्हतीच, त्याच्या आधीच्या पाइपची, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या | ची होती. फाइली शोधणाऱ्या फाइंडचं आउटपुट पाइपने व्हाइल रीडमध्ये, म्हणजे एकेक ओळ वाचणाऱ्या लूपमध्ये सोडलं की बॅश पाइपलाइनमधला प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये चालवतं. सबशेल म्हणजे चालू शेलची फोर्क केलेली प्रत, एक वेगळी प्रोसेस. तिला सगळी व्हेरिएबल्स दिसतात, बदलताही येतात, पण बदलतात ती प्रतीतली. डन आलं, प्रोसेस संपली, माझे ७ तिच्याबरोबर गेले. झेडशेल शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतं. शेलचे नियम ठरवणाऱ्या पॉझिक्स मानकाला दोन्ही चालतं, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

खात्री करायला आत-बाहेर $$, म्हणजे शेलचा प्रोसेस नंबर (पीआयडी) छापला, तर दोन्हीकडे एकच नंबर. म्हणजे सबशेल नाहीच? तासभर या नादात गेला. $$ सबशेलमध्येही मूळ शेलचाच पीआयडी दाखवतो; खरा हवा तर बॅशपीआयडी छापायचा. मॅन पेजात, म्हणजे कमांडच्या माहितीपानात लिहिलंय हो सगळं, पण तिथवर वाचतं कोण!

(पाइप नसलेल्या फॉर लूपचं दुखणं उलटं. त्यातला 'आय', म्हणजे फेऱ्यांचा व्हेरिएबल, लूप संपल्यावरही शेवटची किंमत धरून बसतो. सी-जावावाल्यांनी सांभाळा.)

शेवटी पाइप काढला आणि डनच्या पुढे < <( ) लिहून फाइंड त्या कंसात टाकलं, म्हणजे लूप चालू शेलमध्येच राहतो. दोन बाणांमधली जागा खाल्लीत तर सिंटॅक्स एरर. मी खाल्ली होती. बॅश ४.२ पासून शॉप्टमध्ये (बॅशचे पर्याय चालू-बंद करायची कमांड) लास्टपाइपही आहे, त्याने बॅशही शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतं. पण जॉब कंट्रोल (कमांड थांबवायची, मागे-पुढे करायची सोय) चालू असताना ते लागू होत नाही आणि टर्मिनलवरच्या बॅशमध्ये ते चालूच असतं, त्यामुळे तिथे करून बघाल तर शून्यच दिसेल.

त्या रात्री पहिला मेल आला: चुका ७. त्यातल्या पाच फाइली दुसऱ्या डिस्कवर सापडल्या. दोन गेल्या त्या गेल्याच.