कॅलेंडर किती चुकलंय ते आधी मोजा : साडेपाच तास, दीड तास की एक तास

२०२५ च्या फेब्रुवारीत आईला घेऊन पणजीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. फोंड्याहून कदंबाची बस धरली, बाणस्तारीचा पूल, मग जुनं गोवें, असं करत पावणेचारला आम्ही दवाखान्याच्या दारात, कारण माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये अपॉइंटमेंट दुपारी ४ ची दिसत होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमची वेळ सकाळी साडेदहाची होती, डॉक्टर आता नाहीत, पुढच्या आठवड्यात या. मोतीबिंदूच्या काळजीने आईचा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि आता तीच सगळी काळजी आणखी आठ दिवस. परतीच्या बसमध्ये ती काहीच बोलली नाही आणि मला ते जास्त लागलं.

दवाखान्यातून आलेला ईमेल मी बसमध्येच परत उघडून बघितला. मजकुरात स्पष्ट १०.३० लिहिलेलं. पण त्याच ईमेलला कॅलेंडरची एक छोटी फाइल जोडलेली होती, तीच आपण अ‍ॅड टू कॅलेंडर म्हणून दाबतो, आणि त्या फाइलने माझ्या फोनवर ४ वाजवले होते. साडेदहा ते चार म्हणजे बरोबर साडेपाच तास. हा साडेपाचचा आकडा बघितला आणि डोक्यात उजेड पडला, कारण आपलं भारतीय घड्याळ जागतिक यूटीसी वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे हा कुणी टाइप करताना केलेला घोळ नव्हता, वेळ सकाळची म्हणूनच लिहिली होती पण ती कुठल्या गावची ते चुकीचं सांगितलं होतं.

घरी येऊन ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. कॅलेंडरच्या अशा फाइलला आयसीएस म्हणतात, त्यात काही गूढ नाही, साधा मजकूर असतो, वाचता येतो. त्यात वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते, आणि हे एकदा कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. पहिली तऱ्हा, नुसते आकडे, कुठल्याच टाइम झोनला न बांधलेले, म्हणजे जिथे असाल तिथले साडेदहा. दुसरी, आकड्यांच्या शेवटी इंग्रजी झेड हे अक्षर, म्हणजे ही यूटीसी वेळ आहे, तुमच्या गावच्या हिशोबाने बदलून दाखवा. तिसरी, वेळेच्या सोबत झोनचं नाव, आपल्यासाठी एशिया/कोलकाता. दवाखान्याच्या फाइलमध्ये साडेदहा लिहून पुढे झेड चिकटवलेलं होतं. फोनने बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं, साडेदहात साडेपाच मिळवले आणि ४ दाखवले. मी दवाखान्याला हे सगळं नीट लिहून कळवलं, कारण तिथे येणारे बहुतेक लोक आईच्याच वयाचे असतात आणि त्यांची मुलं माझ्यासारखीच फोनवर भरवसा ठेवून त्यांना घेऊन येतात.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. कॅलेंडर चुकीचं दिसलं की आधी सेटिंगमध्ये शिरायचं नाही, आधी किती चुकलंय ते मोजायचं. फरकाचा आकडाच चूक कुठे आहे ते सांगतो. साडेपाच तास असले तर कुणीतरी यूटीसीला आपली वेळ समजलंय किंवा आपल्या वेळेला यूटीसी. दीड तास असला तर आखात, कारण मस्कत आणि दुबई यूटीसीच्या ४ तास पुढे, आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिथे उन्हाळा-हिवाळा घड्याळ बदलत नाहीत. बरोबर एक तास असला आणि तोही मार्चनंतर किंवा ऑक्टोबरनंतर अचानक सुरू झाला असेल तर युरोपातलं घड्याळ सरकलंय. आणि कार्यक्रम एका दिवसाऐवजी दोन तारखांवर पसरलेला दिसत असेल तर तो ऑल-डे न करता रात्री १२ ते ११.५९ असा टाकलेला आहे. आमच्या घरात हे चारही प्रकार झालेत, कारण दादा मस्कतला, भाची लिस्बनला, मी आणि आई फोंड्याला, आणि सगळ्यांचं मिळून एकच शेअर केलेलं कॅलेंडर.

दीड तासाचा किस्सा आईच्या फोनचा. दादाने त्याचा जुना फोन तिला दिला, चांगला फोन आहे, स्क्रीन मोठी म्हणून आईला आवडला. पण गोळ्यांची, बँकेची, भजनाची सगळी आठवण दीड तास आधीच वाजायची. मी म्हटलं फोनचा टाइम झोन मस्कतचा राहिला असणार, तर आई म्हणते, घड्याळ सारकें आसा गो. आणि खरंच, स्क्रीनवरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला जुळत होतं. मला हे कोडं सुटायला दोन दिवस लागले. झालं होतं असं की फोन गोव्यात आल्यावर घड्याळ दीड तास मागे दिसत होतं म्हणून घरात कुणीतरी ऑटोमॅटिक बंद करून काटे हाताने दीड तास पुढे केले होते, झोन मात्र मस्कतचाच. म्हणजे दिसायला घड्याळ बरोबर, पण आतल्या हिशोबात फोन अजून मस्कतमध्ये. कॅलेंडरला सकाळचे साडेदहा मिळाले एशिया/कोलकाता म्हणून, त्याने ते मस्कतचे करून ९ दाखवले आणि ९ वाजताच वाजवले.

यावर उपाय एकच, अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सिस्टम, डेट अँड टाइम इथे जाऊन वेळ आणि झोन दोन्ही ऑटोमॅटिक करायचे (काही कंपन्यांच्या फोनवर हे वेगळ्या मेन्यूत असतं, सेटिंगमध्ये वर सर्च करून डेट टाइप केलं की सापडतं). आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, डेट अँड टाइम, सेट ऑटोमॅटिकली. आणि घड्याळाचे काटे हाताने कधीच सरकवायचे नाहीत, वेळ चुकीची दिसली तर झोन बदलायचा. हे मी आता घरात सगळ्यांना अगदी बजावून सांगते.

एवढं करूनही फरक राहिला तर दुसरी जागा कॅलेंडर अ‍ॅपची. गूगल कॅलेंडरच्या फोनवरच्या सेटिंगमध्ये, जनरलखाली, युज डिव्हाइस टाइम झोन असा एक स्विच असतो, तो बंद असेल तर अ‍ॅप फोनचं ऐकत नाही, त्याच्या खाली जो झोन निवडलाय त्यानेच चालतं. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये तसंच टाइम झोन ओव्हरराइड आहे. हा चालू राहिला की फोनचं घड्याळ अगदी बरोबर आणि कॅलेंडर मात्र परदेशात, आणि माणूस फोनची सेटिंग परत परत तपासत बसतो जिथे काही चुकलेलंच नाही. शिवाय कॉम्प्युटरवरून गूगल कॅलेंडर उघडलं तर प्रत्येक कॅलेंडरला स्वतःचा वेगळा झोन दिलेला असू शकतो, आमचं घरचं कॅलेंडर दादाने बनवलं होतं म्हणून त्याचा झोन मस्कतचा निघाला. तो बदलून घेतला. आणि यादीत कुठे एशिया/कोलकाता ऐवजी एशिया/कलकत्ता दिसलं तर घाबरू नका, ते जुनं नाव आहे, वेळ तीच. घाबरायचं आयएसटी या तीन अक्षरांना, कारण तीच अक्षरं आयर्लंड आणि इस्रायलची वेळ सांगायलाही वापरतात. मी कुणालाही वेळ कळवताना आता आयएसटी लिहीत नाही, भारतीय वेळ संध्याकाळी ७, असं सरळ लिहिते.

आता एक तासाची गोष्ट, ही मला सगळ्यात जवळची. मी गाण्याचा क्लास घेते, आणि भाची लिस्बनला गेल्यापासून तिच्यासोबत तिथली आणखी दोन मुलं दर रविवारी ऑनलाइन शिकतात. क्लासचा इव्हेंट भाचीने तिच्या फोनवरून बनवला होता, दर रविवारी दुपारी २, रिपीट. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे मला तो संध्याकाळी ७.३० ला दिसायचा, देवापाशी दिवा लावून, आईचं जेवण वाढून मी तानपुरा लावायला बसायची. मग आला ३० मार्च २०२५. तो दिवस पाडव्याचा, आमच्याकडे संवसर पाडवो, घरात पाहुणे, आणि त्याच पहाटे लिस्बनचं घड्याळ १ वरून थेट २ वर गेलं, आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी असंच होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं. त्यामुळे लिस्बनचे दुपारी २ माझ्याकडे आता ६.३० ला आले. मी नेहमीच्या सवयीने ७.३० ला बसले आणि ती तीन मुलं तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसून उठून गेली होती. पाडव्याला शिकवायची म्हणून मी एक खास बंदिश ठेवली होती त्यांच्यासाठी.

इथे कॅलेंडरने काहीच चूक केली नव्हती, इव्हेंट ६.३० ला सरकलेला मला दिसतही होता, पाहुण्यांच्या गडबडीत मी बघितलाच नाही. पण यातून मोठा प्रश्न समोर आला की रिपीट होणारा इव्हेंट कुठल्या गावाला बांधायचा. गूगलमध्ये इव्हेंट बनवताना वेळेच्या खाली टाइम झोन दिसतो, त्यावर दाबलं की बदलता येतो, बहुतेक लोक तिथे कधी जातच नाहीत आणि बनवणारा माणूस ज्या गावात असेल ते गाव आपोआप लागतं. माझं मत झालंय की ज्याची वेळ हलवता येत नाही त्याच्या गावाला बांधावं. आम्ही सगळ्यांनी बोलून बघितलं. मुलांना रविवारी दुपारी २ काय आणि ३ काय, चालतं. माझी मात्र संध्याकाळ आईच्या औषधांना आणि जेवणाला बांधलेली. म्हणून आता क्लास एशिया/कोलकाताला बांधलाय, कायम ७.३०, हिवाळ्यात तिकडे २ आणि उन्हाळ्यात ३. याच्या उलट, तिकडच्या शाळेच्या वेळेवर अवलंबून असलेलं काही असतं तर मी लिस्बनलाच बांधलं असतं आणि आपल्याकडे सरकू दिलं असतं. कॉम्प्युटरवरच्या गूगल कॅलेंडरमध्ये दुसरा टाइम झोन बाजूला दाखवायची सोय आहे, ती मी लावून ठेवलीय, आपली वेळ आणि लिस्बनची वेळ शेजारी शेजारी दिसतात आणि फोनवर बोलायच्या आधी बोटं मोजावी लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका, आणि ही आमच्याकडे झालीय म्हणून जीव तोडून सांगते. इव्हेंट चुकीच्या वेळेला दिसतोय म्हणून तो बोटाने ओढून बरोबर जागी ठेवायचा नाही. आईचा फोन दीड तास चुकीचं दाखवत होता तेव्हा मदत म्हणून एका नातेवाइकाने तिच्या फोनवर सगळे इव्हेंट दीड तास पुढे ओढले. तिच्या फोनवर सगळं छान दिसायला लागलं. पण कॅलेंडर सिंक होतं, त्यामुळे माझ्याकडे, दादाकडे, भाचीकडे, सगळीकडे खऱ्या वेळा दीड तास पुढे गेल्या, आणि नंतर मी आईच्या फोनचा झोन नीट केला तेव्हा तिच्याकडेही चुकल्या. एकेक इव्हेंट परत जागेवर आणायला माझी अख्खी दुपार गेली. चूक फोनमध्ये असेल तर फोन दुरुस्त करायचा, अ‍ॅपमध्ये असेल तर अ‍ॅप, आणि इव्हेंटला हात तेव्हाच लावायचा जेव्हा सगळ्यांच्या फोनवर तो एकसारखा चुकीचा आहे. ओळखायला सोपं आहे, दुसऱ्या कुणालातरी फोन करून विचारायचं, तुला किती वाजता दिसतंय.

दोन तारखांची भानगड चवथीची. २७ ऑगस्ट २०२५ ला चवथ होती, दादाने मस्कतहून कॅलेंडरमध्ये रात्री १२ ते ११.५९ अशी टाकली. आमच्याकडे ती रात्री दीडपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत, आणि भाचीकडे २६ च्या रात्री ९ पासूनच सुरू. तिने २६ लाच सकाळी फोन करून विचारलं, आत्या, गणपती आज रात्री आणणार का? लांब राहणाऱ्या मुलीला सणाची तारीखच चुकीची कळावी याचं मला वाईट वाटलं. ऑल-डेचा स्विच दाबला की नुसती तारीख साठवली जाते, तिला वेळही नसते आणि झोनही नसतो, जगात कुठेही ती २७ च राहते. वाढदिवस, श्राद्धाच्या तिथी, जत्रा, एकादशी, हे सगळं ऑल-डेच टाकायचं.

गोळ्यांचं मी कॅलेंडरमधून काढूनच टाकलं. आई महिनाभर दादाकडे राहायला जाते तेव्हा सकाळी ८ ची गोळी कॅलेंडर तिकडे साडेसहाला वाजवतं, कारण ते आपल्या ८ ला धरून असतं. फोनच्या क्लॉकमधला साधा अलार्म जिथे असाल तिथल्या घड्याळाने वाजतो, म्हणून गोळ्या अलार्मवर. जाण्याआधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेतो ते वेगळं.

आणि विमानाचं तिकीट. तिकिटावर सुटायची वेळ इथली आणि उतरायची वेळ तिकडची असते, दोन्ही आकडे एकाच झोनमध्ये टाकले की प्रवास दीड तासाने लहान दिसतो आणि दादा विमानतळावर आईला घ्यायला कधी यायचं त्यात गोंधळतो. कॉम्प्युटरवर इव्हेंट उघडून टाइम झोनवर गेलं की सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या झोनमध्ये ठेवायचा पर्याय मिळतो. आईचं पुढचं तिकीट मी तसंच टाकलंय, सुरुवात कोलकाता, शेवट मस्कत, आणि टाकून झाल्यावर दादाला फोन लावून विचारून घेतलं, तुला किती वाजता दिसतंय.