सर्व्हर स्वस्त झाला, पण पान उघडेना

पिंपळगावच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टरचं पॅकहाउसचं सॉफ्टवेअर आम्ही नाशकातून सांभाळतो. ऐन सीझनच्या तोंडावर शेठना कुणीतरी सांगितलं क्लाउड बदला, बिल निम्मं होतं. झालं, काढा कम्पॅरिझन.

शेठना शीटमध्ये दोनच कॉलम हवे होते, व्हीसीपीयू आणि भाडं. आता व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरचा अख्खा कोर नव्हे, बहुतेक ठिकाणी कोरचा एक थ्रेड, आणि स्वस्तातल्या शेअर्ड मशीनवर तर शेजारी दुसरं गिऱ्हाईक कोण बसलंय त्यावर सगळं. म्हणून मी सिसबेंच (सीपीयूचा वेग मोजणारं टूल) पाच मिनिटात न आटोपता दिवसभर चालवलं, डिस्कचा वेग मोजणारं एफआयओ डायरेक्ट मोडमध्ये लावलं (नाहीतर डिस्क राहते बाजूला, रॅमच मोजली जाते) आणि टॉप कमांडमध्ये स्टीलचा (steal, म्हणजे शेजाऱ्यांनी पळवलेल्या सीपीयू वेळेचा) आकडा बघत बसलो, जो कुणी बघतच नाही. नवा प्रोव्हायडर चांगला निघाला, डिस्क तर जुन्यापेक्षा फास्ट.

जुना मुंबईत, नवा बंगळुरात. आधी ॲप हलवा, डेटाबेस मागाहून बघू, असं वरून ठरलं. मी नको म्हणत होतो, पण मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं आर्किटेक्चर.

सकाळीच पॅकहाउसमधून फोन, दादा लॉटचं पान उघडतच नाही, तुमचा नवीन सर्व्हर लई स्लो आहे. सर्व्हरचा सीपीयू तर निवांत पडलेला! आधी ॲप आणि डेटाबेस शेजारी शेजारी होते, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मिलिसेकंदाच्या आसपास परत यायची, आता बंगळूर-मुंबई एका फेरीलाच 25 मिलिसेकंद, आणि ते पान जुन्या कोडच्या कृपेने प्रत्येक क्रेटमागे वेगळी क्वेरी मारतं. 200 क्रेट म्हणजे 5 सेकंद नुसते जाण्यायेण्यात. बंगळुरात डेटाबेसची रेप्लिका (चालू कॉपी) तयार होतीच, दुपारच्या सुट्टीत ती प्रमोट करून मुख्य डेटाबेस केली आणि पान पटकन उघडायला लागलं.

नंतर जुनं बिल नीट उघडून बघितलं तर सर्व्हरचं भाडं दुसऱ्या नंबरला. सगळ्यात मोठी ओळ डेटा आउटची. आत येणारा डेटा फुकट, बाहेर जाणारा जीबीच्या हिशोबाने, आणि आमचे बॉक्सचे फोटो फुल साइझमध्ये युरोपातले खरेदीदार उघडत बसतात. गंमत म्हणजे 2024 मध्ये आधी गूगलने आणि मग ॲमेझॉनने जाहीर केलं की कायमचं सोडून जाणाऱ्याला डेटा बाहेर न्यायचे पैसे माफ. राहणाऱ्याचं मीटर चालूच.

म्हणजे फोटो लहान करून पुढे सीडीएन (खरेदीदाराच्या जवळच्या सर्व्हरवरून फोटोंची कॉपी देणारी सेवा) लावला असता तर हलायची गरज तरी होती का, हेच डोक्यातून जात नाहीये. शेठ खूश आहेत, बिल खरंच कमी आलं, कारण नव्या प्लॅनमध्ये ट्रान्सफरचा कोटा (ठराविक डेटा आउट भाड्यातच) आहे. फोटो रिसाइझचं तिकीट मात्र तसंच पडून, सीझनमध्ये कोडला हात लावू नका म्हणतात.