बिझनेस अ‍ॅनालिस्ट अ‍ॅप्रेंटिस: माझा अनुभव (साइन-ऑफचा भाग नक्की वाचा)

बीकॉम झाल्यावर महापेच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत वर्षभर बिझनेस अ‍ॅनालिस्ट अ‍ॅप्रेंटिस होते, नुकतंच संपलं. नोंदणी कशी करायची, इंटरव्ह्यूत काय विचारतात असं बरेच जण विचारतात. ते सगळं सुरळीत झालं, नॅट्सच्या, म्हणजे सरकारच्या अ‍ॅप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर नाव टाकलं, कंपनीने बोलावलं, एक्सेल आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) विचारलं, कॉन्ट्रॅक्ट झालं, संपलं. डोकं फिरलं ते पुढे, साइन-ऑफ, म्हणजे लिहिलेल्या कागदाला साहेबांची लेखी मंजुरी, घेताना, आणि त्याबद्दल आधी कोणी काहीच सांगत नाही म्हणून एवढं लिहायला बसलेय.

काम काय होतं ते आधी सांगते. कंपनीचं गोदाम भिवंडीला, मानकोलीच्या बाजूला. माल घेऊन गाड्या निघतात त्यांची ई-वे बिलं, म्हणजे माल नेताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन परवानगी, कधी संपतायत हे कोणी बघायचं, तर रजिस्टर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ते सिस्टिममध्ये आणायचं होतं आणि बीआरडी, म्हणजे कंपनीला नेमकं काय पाहिजे त्याचा कागद, सिनियरने मला लिहायला दिला. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सगळे म्हणाले रजिस्टर आहे, त्याचेच रकाने स्क्रीनवर आणा. मी गोदामाच्या गेटवर जाऊन रजिस्टर बघितलं तर गाडी नंबर, एलआर (मालाच्या पावतीचा) नंबर, वेळ, सही एवढेच रकाने. पण गेटवरचे काका प्रत्येक गाडीसमोर समासात पेन्सिलने एक तारीख लिहीत होते आणि काही तारखांना गोल केलेला. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, ही ई-वे संपायची तारीख, गोल केलंय त्यांचं आज रात्री संपतंय, मी फोन करून सांगतो वर." अख्ख्या प्रोसेसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समासात, आणि मीटिंगमध्ये ती कोणाच्याच तोंडून निघाली नव्हती! त्यामुळे गेटवर जाऊन उभं राहा, हे मी प्रत्येकाला सांगते.

मग नियम वाचले. साध्या मालाला दर २०० किमीला एक दिवस मुदत. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला बिल लागतं, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा १ लाख आहे, सॉफ्टवेअरवाल्यांनी सरसकट ५०,००० धरलं होतं ते मी पकडलं आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. मुदत मध्यरात्री संपते आणि वाढवायची तर संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच. म्हणजे दुपारी ४ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८. आणि पोर्टलचा लॉगिन अकाउंट्सकडे, जे साडेसहाला घरी जातात.

बीआरडी लिहून झाला, मेल केला, आणि तिथे जे अडकलं ते अडकलंच. ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले अकाउंट्सने ओके दिलं की मी देतो. अकाउंट्सचे साहेब म्हणाले आधी ऑपरेशन्सला विचार, गाड्या त्यांच्या. मेलवर उत्तर काय, तर "नोटेड", नाहीतर "बोलूया". डेव्हलपर म्हणतात साइन-ऑफशिवाय स्प्रिंटमध्ये, म्हणजे पुढच्या एक-दोन आठवड्यांच्या कामात, घेणार नाही, मॅनेजर म्हणतात फॉलो-अप कर, आणि मी नुसती या मजल्यावरून त्या मजल्यावर. दर वेळी कोणीतरी एखादा शब्द बदलायला सांगायचं, की फाइलच्या नावात पुढचा आकडा, आणि परत सगळ्यांना पहिल्यापासून वाचायला द्या. आठवडेच्या आठवडे गेले यात. मला राग याचा येतो की दोन मोठी माणसं एकाच बिल्डिंगमध्ये बसतात, अर्धा तास समोरासमोर बसली असती तर मिटलं असतं, पण ते निरोप अ‍ॅप्रेंटिसच्या हातून पाठवणार. शिकाऊ आहे म्हणजे तिचा वेळ फुकट, असं नसतं हो!

सुटलं कसं ते सांगते. एकदा अकाउंट्सच्या साहेबांच्या टेबलावर माझीच प्रिंट दिसली. प्रत्येक पानावर हिरव्या पेनाने टिक, सगळं वाचलेलं, मान्य. फक्त एका ओळीसमोर प्रश्नचिन्ह: "मुदत संपत आल्यास संबंधित युजर मुदत वाढवेल." तेव्हा लख्ख कळलं की कागदाबद्दल कोणाची तक्रारच नाहीये, सही करणाऱ्याच्या गळ्यात रात्रीचं काम पडणार आहे, आणि ते दोघांनाही नकोय. मग मी बाकी बीआरडी बाजूला ठेवला आणि तेवढ्या एका ओळीचं वेगळं पान केलं. त्यावर दोनच पर्याय: अकाउंट्सने रात्रीची पाळी लावायची, नाहीतर गोदामाच्या नाइट सुपरवायझरला पोर्टलवर सब-युजर करून मर्यादित अधिकार द्यायचे. ते पान दोघांना आणि दोघांच्या वरच्या साहेबांना एकाच मेलमध्ये टाकलं, वर लिहिलं की निर्णय तुमचा हवाय. वरच्या साहेबांनी दुसरा पर्याय निवडला आणि त्याच संध्याकाळी दोन्ही साइन-ऑफ मेलमध्ये! त्या दिवशी कोपरखैरण्याला शेअर रिक्षातून उतरून ठाणे गाडी पकडेपर्यंत मी आईला फोनवर सगळं सांगून मोकळी झाले होते.

म्हणून साइन-ऑफ अडकला की डॉक्युमेंट सुंदर करत बसू नका, त्यातल्या कुठल्या ओळीने कोणाचं काम वाढतंय ते शोधा. आणि मीटिंग झाली की त्याच दिवशी मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, पाठवा, दुसऱ्या दिवशी लोक "असं मी म्हणालोच नाही" म्हणतात.

पुढे यूएटी (वापरणाऱ्यांनी सिस्टिम तपासून बघणं) वगैरे पटापट झालं.

पैशाचं राहिलंच. मी होते तेव्हा पदवीधराला किमान स्टायपेंड ९,००० होता, त्यातले ४,५०० केंद्राचे, थेट आपल्या खात्यात येतात. ते आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलंय तिथेच जातात, बाकी खात्यांना केवायसीसाठी आधार दिलं असलं तरी. कॉलेजच्या वेळचं जुनं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिकडे, त्यामुळे आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस कॉन्ट्रॅक्टच्या आधीच बघून घ्या. पीएफ कापत नाहीत, कारण कायद्याने आपण शिकाऊ, कामगार नाही.

आता वागळे इस्टेटला नोकरी लागलीये, पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. इंटरव्ह्यूत त्या ४ ते ८ च्या गोष्टीवरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. तुम्हीही अशी एखादी गोष्ट चालू असतानाच लिहून ठेवा, फक्त कंपनीचं डॉक्युमेंट बाहेर नेऊ नका. आणि हो, पोर्टलवर नाव टाकताना मार्कशीटवर आहे तसंच टाका, शेवटी सर्टिफिकेटवर तेच येतं.