माणसे की फेऱ्या? मुरूडहून मालवणपर्यंत

मुरूडहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला जायचे ठरवले की वाटेत खाड्या आडव्या येतात आणि त्यांतल्या काही अजूनही फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड असे एकेक टप्पे घेत या जानेवारीत मी आणि माझी भाची दक्षिणेकडे गेलो. ती पुण्यात पर्यटनाचे शिक्षण घेते. तिच्या प्रकल्पाचा विषय कोकणापासून फार दूरचा होता: जगात स्कीइंग करणारी माणसे किती आणि तो आकडा कितपत भरवशाने सांगता येतो. मी अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे या प्रश्नात मलाही गोडी होती, आणि त्याचे उत्तर बर्फापेक्षा या किनाऱ्यावर अधिक स्पष्ट दिसेल असे मला पहिल्याच धक्क्यावर वाटू लागले.

आगरदांड्याला तिकीट काढताना ती म्हणाली, "मामा, मालवणला पोचेपर्यंत आपण चार बोटींवर मोजले जाऊ, आणि चारही नोंदी खऱ्याच असतील." स्कीइंगच्या मोजणीची सुरुवातही इथूनच होते. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टने दिवसभरात किती जणांना वर नेले याची नोंद बिनचूक असते, परंतु त्यात तोच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनेकदा वर जाऊन घसरत खाली आलेला असतो. म्हणून अमेरिकेत 'स्कीअर-भेट' हे एकक रूढ झाले. एका माणसाने एका केंद्रावर एका दिवसात, मग तो पूर्ण दिवस असो, अर्धा असो किंवा दिव्यांच्या उजेडातली रात्र असो, स्कीइंग केले की ती एक भेट धरतात. हंगामी पास असणारे लोक दर वेळी तिकीट काढत नाहीत, त्यामुळे पूर्वी त्यांच्या भेटींचा बराच भाग अंदाजाने धरावा लागे. आता पासमध्येच चिप असते आणि फाटक तिची नोंद आपोआप घेते.

इतकी चोख व्यवस्था असूनही माणसांची संख्या हाती येत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तेथील स्की केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नोंदीनुसार २०२२-२३ च्या हंगामात अमेरिकेत सुमारे ६ कोटी ५४ लाख स्कीअर-भेटी झाल्या आणि तो त्या देशातला विक्रम ठरला. आता एक माणूस हंगामात सरासरी पाच दिवस गेला असे मानले तर ही सुमारे १ कोटी ३१ लाख माणसे होतात, आणि तीनच दिवस गेला असे मानले तर २ कोटी १८ लाख. मोजलेला आकडा दोन्ही वेळा तोच आहे, बदलले ते केवळ आपले गृहीतक, आणि तेवढ्याने सुमारे ८७ लाख माणसे वाढली. शिवाय या भेटींमध्ये परदेशांतून आलेले स्कीअर असतात आणि परदेशी जाऊन स्कीइंग करणारे अमेरिकन नसतात.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा भाग आम्ही भरभर ओलांडला. वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचलो तेव्हा तिसऱ्या प्रहराचा लिलाव सुरू व्हायचा होता. किनाऱ्यावर बोटींतून उतरवलेल्या मासळीच्या पाट्या, बोली लावणारे व्यापारी, टोपल्या घेतलेल्या बायका आणि त्यांच्या मधून वाट काढत छायाचित्रे घेणारे पाहुणे अशी दाटी होती. यांत पर्यटक किती, हे भाचीने मला विचारले. कॅमेरा गळ्यात असलेला प्रत्येक जण बाहेरचा नव्हता आणि दापोलीहून मासळी घ्यायला आलेले कुटुंब पर्यटक नव्हते. उघड्या किनाऱ्याला फाटक नसते. तिथे माणसे दिसतात, पण ती का आली आहेत हे दिसत नाही.

फाटक नसेल तर दुसरा मार्ग उरतो तो लोकांना घरी जाऊन विचारण्याचा. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७२ व्या फेरीत, जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात, देशांतर्गत प्रवासाविषयी अशी पाहणी झाली होती. या मार्गाने फेऱ्यांऐवजी माणसे मोजता येतात, हा त्याचा मोठा गुण आहे. पण उत्तर देणाऱ्याच्या आठवणीवर सगळी भिस्त असते. गेल्या वर्षी कुठे गेला होतात असे विचारले की त्याआधीच्या वर्षीची आनंदाची सहल माणूस नकळत या वर्षात ओढून आणतो आणि कंटाळवाणी फेरी विसरून जातो. प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर अवलंबून राहते. वर्षातून एकदा स्कीइंग केलेला माणूस स्कीअर धरायचा की एकाहून अधिक वेळा केलेलाच धरायचा, कितव्या वर्षापासूनची मुले मोजायची, हे प्रत्येक पाहणी आपल्या परीने ठरवते आणि त्यामुळे एकाच देशाचे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर जातात. भारतासारख्या देशात आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल मी वर्गात नेहमी आवर्जून बोलत असे. जी गोष्ट फार थोडे लोक करतात ती नमुन्यात क्वचितच सापडते. हजारो घरांना भेट दिली आणि त्यांत स्कीइंग करणारी दोनच माणसे निघाली, तर त्या दोघांवरून देशाचा आकडा काढावा लागतो. तिसरे एक घर योगायोगाने सापडले की तो आकडा एकदम दीडपट होतो.

चीनचे उदाहरण भाचीने दाभोळच्या खाडीत, बोट धोपाव्याकडे निघाल्यावर सांगितले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकपूर्वी ३० कोटी लोकांना हिमक्रीडांकडे वळवण्याचे उद्दिष्ट तेथील शासनाने ठेवले होते आणि २०१५ पासून ३४ कोटी ६० लाख लोकांनी त्यांत भाग घेतल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. तेथील स्की केंद्रांवरच्या भेटी मात्र वर्षाला दोन कोटींच्या आसपास मोजल्या जात होत्या. दोन्ही आकडे ऐकल्यावर एक तरी खोटा असला पाहिजे असे वाटते, परंतु पहिल्या आकड्यात कित्येक वर्षांत एकदाच बर्फावर खेळलेले किंवा गोठलेल्या तळ्यावर घसरलेले लोकही येतात आणि दुसऱ्यात लिफ्टच्या फाटकातून त्या वर्षी आत गेलेलेच येतात. लोरां वाना हे स्वित्झर्लंडमधील सल्लागार अनेक वर्षे जगभरच्या स्की केंद्रांचा अहवाल काढतात. ते निरनिराळ्या देशांतल्या सहभागाच्या प्रमाणावरून जगात सुमारे साडेतेरा कोटी स्कीअर असल्याचा अंदाज देतात. हा अंदाज मोठ्या कष्टाने केलेला आहे, पण त्याच्या पोटात हे सगळे वेगवेगळे प्रश्न आणि वेगवेगळ्या व्याख्या आहेत, हे विसरून तो वापरला जातो याचे मला वाईट वाटते.

फाटकाचा आंधळेपणा सर्वांत स्वच्छ दिसला तो २०२०-२१ च्या हिवाळ्यात. महासाथीमुळे फ्रान्समधील स्की लिफ्ट संपूर्ण हंगाम सामान्य लोकांसाठी बंद होत्या. लिफ्टच्या हिशोबाने पाहिले तर त्या वर्षी जवळजवळ कोणीच स्कीइंग केले नाही. प्रत्यक्षात पायांना स्की बांधून स्वतःच्या बळावर डोंगर चढणाऱ्यांची गर्दी त्याच हिवाळ्यात वाढली होती.

गणपतीपुळ्याला आम्ही मुक्काम केला. देवळात दर्शनाला आलेला भाविक आणि किनाऱ्यावर फिरायला आलेला पर्यटक ही इथे बहुधा एकच व्यक्ती असते, ही अडचण आहेच. पण कोकणात मला खरा कठीण वाटतो तो चाकरमानी. मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणारे कुटुंब स्वतःच्या घरात राहते, त्यामुळे हॉटेलांच्या किंवा निवास-न्याहारीच्या नोंदींत ते कधीच दिसत नाही. तरीही ते मुलांना किल्ला दाखवते, बोटीत बसवते, हॉटेलात जेवू घालते, आणि विहिरीचे पाणीही वापरते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार होती आणि आधीच्या दहा वर्षांत ती घटली होती. रत्नागिरीचीही घटलीच होती. ज्या जिल्ह्यांतून माणसे बाहेर गेली, तिथे परतून येणाऱ्यांना पाहुणे म्हणायचे की घरचे, यावर पर्यटनाचा आकडा मोठा की लहान हे ठरते. आल्प्समधल्या खेड्यातला शाळकरी मुलगा दुपारी घरामागच्या उतारावर स्कीइंग करतो. तो स्कीअर आहे, पर्यटक नाही. आमचा चाकरमानी पर्यटकासारखा वागतो आणि तरी पर्यटकांत मोजला जात नाही.

विजयदुर्ग, देवगड करत मालवणला पोचलो. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी बंदर जेटीवरून होड्या सुटतात. जाऊन येऊन एकच तिकीट असते, त्यामुळे ही नोंद फेरीबोटीच्या नोंदीपेक्षा बरी. तिथल्या एका वयस्क तांडेलांना भाचीने विचारले, "काका, हंगामात किती माणसे नेता?" ते शांतपणे म्हणाले, "आमी तिकिटां मोजतंव, माणसां खंय मोजतंव?" किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात आणि ती याच पाण्यातून ये-जा करतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. स्की केंद्रांच्या अहवालांत ज्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडतात ते त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

तारकर्ली आणि देवबागला गुंता वाढतो. पर्यटक एकच पॅकेज घेतो आणि त्यात नौकेची फेरी, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग अशा अनेक गोष्टी येतात. प्रत्येक व्यावसायिकाच्या वहीत त्याची स्वतंत्र नोंद होते. गुलमर्गचेही असेच आहे. मागच्या हिवाळ्यात भाची तिथे गेली होती. जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या तिथल्या गंडोलातून, म्हणजे रोपवेतून, नुसता बर्फ पाहायला जाणारे कितीतरी, आणि तासाभरासाठी भाड्याने स्की घेऊन सपाटीवर उभे राहणारेही कितीतरी. हे दुसरे लोक स्कीअर का? समुद्रात प्रशिक्षकाने धरून थोडा वेळ खाली नेलेला माणूस पाणबुडा का?

मला वाटते, याचे एक उत्तर शोधण्याचा आग्रहच सोडावा आणि आकडा कशासाठी हवा आहे ते आधी ठरवावे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांना मुंबईची किती वेगवेगळी माणसे आली याच्याशी कर्तव्य नाही. एकाच खडकावर दिवसात किती जण उतरले, याने त्यांचे बरेवाईट होते. तिथे फेऱ्याच मोजल्या पाहिजेत. मे महिन्यात विहिरींवर आणि कचऱ्यावर किती भार पडेल हे जाणून घ्यायचे तर माणसे गुणिले रात्री हा हिशोब हवा, आणि त्यात चाकरमानी धरलाच पाहिजे. कोकणात किती नवे लोक येऊ लागले हे हवे असेल तरच माणसे मोजण्याचा खटाटोप करावा. आणि एक मोजणी अशी आहे की जिच्यात अंदाजाला जागाच नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. नौका सुटताना तिच्यात नेमकी किती माणसे आहेत आणि त्यांतल्या किती जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे, हे किनाऱ्यावरच्या कोणाला तरी त्या क्षणी माहीत असलेच पाहिजे. वर्षाच्या एकूण आकड्यांपेक्षा मला ही नोंद मोलाची वाटते.

देवबागला ज्या घरी उतरलो तिथल्या काकू पाहुण्यांची वही नियमाने ठेवतात. नाव, गाव, माणसे, रात्री आणि गाडीचा क्रमांक असे रकाने तीत आहेत. भाचीने त्यांना आणखी दोन सुचवले. याआधी या वर्षात कोकणात आला होता का, आणि काल रात्री कुठे होता? पहिल्याने फेऱ्यांवरून माणसांकडे जाता येईल, आणि दुसऱ्याने एकच कुटुंब गणपतीपुळे, देवगड आणि देवबाग अशा तीन ठिकाणी तिप्पट धरले जाणार नाही. काकूंची शंका रास्त होती. आल्या आल्या थकलेल्या पाहुण्याला इतके प्रश्न विचारणे त्यांना बरे वाटेना. सकाळी घावणे वाढताना विचारले तर चालेल, असे त्यांनीच मग ठरवले आणि पट्टी घेऊन वहीच्या कोऱ्या पानावर रकाने आखून आमची नोंद केली: याच वर्षात आधी नाही, काल रात्री देवगड.